गिअरचा दांडा आणि विजेची तार

मोटार भरवशाची आहे की नाही, या प्रश्नाचे उत्तर अनेक दशके मोटारीच्या आतच शोधले जात असे. इंजिन किती टिकते, क्लच प्लेट किती किलोमीटर चालते, गिअर सहज पडतो काय आणि बिघाड झालाच तर तो जवळच्या गॅरेजात निघतो काय, एवढे पाहिले की ग्राहकाचे समाधान होई. बॅटरीवर चालणारी मोटार घेणाऱ्याला मात्र या प्रश्नाचे अर्धे उत्तर मोटारीबाहेर, म्हणजे गल्लीतल्या डीपीच्या रोहित्रापासून औष्णिक केंद्राच्या चिमणीपर्यंत पसरलेल्या यंत्रणेत शोधावे लागते. हाताने गिअर बदलण्याच्या स्वस्त मोटारींची ओहोटी आणि वीज देणाऱ्या स्रोतांचा भरवसा हे दोन विषय एरवी वेगवेगळ्या पानांवर छापले जातात, परंतु ज्या घरात पुढची मोटार कोणती घ्यायची याची चर्चा चालू आहे, त्या घरात ते एकाच हिशेबाच्या वहीत येऊन बसतात.

सोलापूर हे या दोन्ही विषयांचे एकत्रित उदाहरण म्हणून पाहण्यासारखे शहर आहे. भारतीय मोटार उद्योगाच्या आरंभीच्या प्रवर्तकांपैकी एक असलेले वालचंद हिराचंद यांचा जन्म 1882 मध्ये याच शहरात झाला. त्यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट 1100 आणि तिचाच अवतार असलेली प्रीमियर पद्मिनी बाहेर पडली. दुसरीकडे, दक्षिण भारताचे विजेचे जाळे उर्वरित देशाच्या जाळ्याशी एका लयीत जोडणारी पहिली तार याच जिल्ह्यातून निघाली आणि 1320 मेगावॅट क्षमतेचे औष्णिक केंद्रही शहराच्या जवळच उभे राहिले. या दोन गोष्टींच्या मधोमध नवी पेठ आहे: अरुंद रस्ते, दाटीवाटीची दुकाने, अनेक ठिकाणी खाली व्यवसाय आणि वर बिऱ्हाड, आणि गाडी कोठे लावायची हा रोजचा प्रश्न. नव्या मोटारीचे गुणदोष तपासायला याहून कठोर जागा शहरात क्वचितच सापडेल.

गिअरची गरज मुळात इंजिनाच्या एका उणिवेतून निर्माण होते. पेट्रोल किंवा डिझेलचे इंजिन फेऱ्यांच्या एका मर्यादित टप्प्यातच उपयुक्त जोर देते. फेरे फार कमी झाले तर ते बंद पडते आणि फार वाढले तर इंधन खाऊन झिजते. गाडी जागेवरून हलवताना चाकांना जोर जास्त आणि वेग कमी हवा असतो, तर मोकळ्या महामार्गावर नेमके उलटे हवे असते. म्हणून इंजिन आणि चाके यांच्यामध्ये लहानमोठ्या दंतचक्रांची पेटी बसवून फेऱ्यांच्या बदल्यात जोर आणि जोराच्या बदल्यात फेरे अशी देवाणघेवाण करावी लागते. हा बदल करताना इंजिन आणि पेटी यांचा संबंध क्षणभर तोडावा लागतो आणि ते काम क्लच करतो. पद्मिनीत गिअरचा दांडा आजच्यासारखा दोन आसनांच्या मध्ये नसून स्टिअरिंगखालच्या खांबाला होता, त्यात चार गिअर होते, आणि पुढच्या सलग आसनावर तिसऱ्या माणसाला जागा होत असे, ही तिच्या टॅक्सी-कारकिर्दीतली लहान वाटणारी पण मोलाची सोय होती.

विजेच्या मोटरला ही उणीव नाही. ती शून्य फेऱ्यांपासूनच पूर्ण जोर देते आणि इंजिनापेक्षा कितीतरी अधिक फेरे सहज घेते, त्यामुळे तिला गिअरची पेटी लागत नाही, फेरे कमी करून चाकापर्यंत नेणारी एकच दंतचक्रजोडी पुरते. म्हणजेच बॅटरीवरच्या गाडीत गिअरचा दांडा नाही याचे कारण चालकाची सोय हे नसून, त्याने बदलायला तिथे काही उरतच नाही हे आहे.

इंजिनाच्या गाडीत डाव्या पायाला विश्रांती देण्याचे मार्ग निराळे आहेत. द्रवाच्या माध्यमातून जोर पोचवणारी टॉर्क कन्व्हर्टरची रचना, पट्ट्यावर चालणारी अखंड बदलाची सीव्हीटी आणि दोन क्लच आलटून पालटून वापरणारी पेटी हे तिन्ही प्रकार महाग आहेत. भारतात बाजार फिरवला तो चौथ्या, काटकसरी प्रकाराने. नेहमीचीच हाताची गिअरपेटी ठेवून क्लच दाबण्याचे आणि दांडा हलवण्याचे काम संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या लहान यंत्राकडे द्यायचे, ही ती एएमटी पद्धत. मारुतीने फेब्रुवारी 2014 मध्ये सेलेरिओ या गाडीत ती भारतात प्रथम आणली आणि 2015 मध्ये टाटांच्या नॅनोलाही ती मिळाली. साध्या गाडीपेक्षा साधारण 45 ते 50 हजार रुपये जास्त मोजले की ही सोय मिळते, आणि शहरी कोंडीत दिवसभर हाफ क्लचवर गाडी रेटणाऱ्यांना हा सौदा पटला. आज देशात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी सुमारे चौथा हिस्सा स्वयंचलित गिअरच्या किंवा गिअरविरहित गाड्यांचा आहे. अमेरिकेत हाताच्या गिअरच्या नव्या गाड्या शेकडा दोनच्याही खाली गेल्या आहेत. तेथे ती शौकिनांची वस्तू झाली आहे. भारतात ती अजून सामान्यांचीच आहे, मात्र सामान्यांना परवडणारी तिची खालची पायरी झिजत चालली आहे.

ही झीज समजून घेताना स्वस्त आणि हाताच्या गिअरची या दोन विशेषणांची गल्लत करू नये. दांडा नाहीसा होण्याआधी स्वस्ताई नाहीशी झाली. डिसेंबर 1983 मध्ये रस्त्यावर आलेली मारुती 800 तीस वर्षे चालून जानेवारी 2014 मध्ये थांबली. एक लाखाची मोटार म्हणून 2009 मध्ये आलेली नॅनो 2018 मध्ये संपली. अल्टो 800 ही गाडी मार्च 2023 अखेर बंद झाली. मधल्या काळात नियम बदलत गेले. 2018 च्या सप्टेंबरपासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा त्रयस्थ विमा एकदम घ्यावा लागू लागला, 2019 मध्ये चाके लॉक होऊ न देणारी ब्रेक यंत्रणा आणि चालकासाठी एअरबॅग अनिवार्य झाली, पुढे शेजारच्या आसनासाठीही एअरबॅग आली, 1 एप्रिल 2020 रोजी बीएस-6 हे धूरनियम लागू झाले आणि 2023 मध्ये त्यांची रस्त्यावरच्या प्रत्यक्ष चाचणीची दुसरी पायरी आली. यातील बहुतेक बाबींचा खर्च मोठ्या गाडीवर आणि लहान गाडीवर जवळपास सारखाच पडतो. पंधरा लाखांच्या गाडीत तो विरघळतो, चार लाखांच्या गाडीत तो नफाच गिळतो. कंपन्यांनी मग लहान गाड्यांत जीव ओतणे कमी केले आणि ग्राहकही उंच बांध्याच्या गाड्यांकडे वळला.

या नियमांबद्दल हळहळण्याचे कारण नाही, कारण एअरबॅग नसलेली स्वस्त मोटार ही अपघातानंतर फार महाग पडणारी वस्तू होती. सरकारने 22 सप्टेंबर 2025 पासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर उपकरासह सुमारे 29 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आणला, तेव्हा सर्वांत लहान गाड्यांच्या किमती पुन्हा साडेतीन-चार लाखांच्या आसपास आल्या, आणि या किमतीत आजही फक्त हाताचा गिअरच मिळतो. विजेच्या मोटारींवरचा कर मात्र 5 टक्केच आहे. तरीही बॅटरीसह घ्यायची लहान विजेची गाडी यापेक्षा बरीच महाग पडते. धोरणाचा कल कोठे आहे हे करांच्या या दोन आकड्यांवरून कळते. सामान्य कुटुंबाची ऐपत कोठे आहे हे गाड्यांच्या किमतींवरून.

हाताच्या गिअरच्या गाडीचा खरा गुण स्वस्ताईपेक्षा वेगळा आहे आणि त्याची नोंद सहसा घेतली जात नाही. तिचा बहुतेक बिघाड स्थानिक माणसाच्या आवाक्यातला असतो. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हा संच बदलणे हे तालुक्याच्या गावातल्या गॅरेजचेही रोजचे काम आहे. बॅटरी उतरली तर दोघांनी धक्का द्यावा, दुसरा गिअर टाकून क्लच सोडावा आणि इंजिन चालू व्हावे, ही सोय केवळ याच रचनेत आहे, कारण तीत चाके आणि इंजिन यांना चालक स्वतःच्या पायाने जोडू शकतो. अर्थात इंधन फवारण्याचे काम संगणकाकडे गेल्यापासून बॅटरीत थोडी तरी धुगधुगी असावी लागते. ती पूर्ण मेली असेल तर धक्काही व्यर्थ जातो. म्हणजे हाताची गाडी विजेपासून पूर्ण मुक्त आहे हा समज जुना झाला आहे.

ती पुरवठ्याच्या साखळीपासूनही मुक्त नाही. सोलापूरला इंधन पाकणीच्या तेलडेपोंतून टँकरने येते, आणि 2024 च्या पहिल्या दोन दिवसांत टँकरचालकांनी काम थांबवले तेव्हा महाराष्ट्रभर पंपांवर रांगा लागल्या होत्या. मात्र पेट्रोलला एक नैसर्गिक सवलत आहे, ती साठवणुकीची. तीस-पस्तीस लिटरची टाकी भरलेली असेल तर साखळी आठवडाभर तुटली तरी शहरातले काम अडत नाही. विजेला ही सवलत नाही. मोठ्या प्रमाणावर ती ज्या क्षणी वापरायची त्याच क्षणी निर्माण करावी लागते, आणि विजेच्या भरवशाचे सारे शास्त्र या एका अडचणीभोवती उभे आहे.

स्रोताचा भरवसा म्हणताना तीन वेगळ्या गोष्टी एकत्र बोलल्या जातात. पहिली उपलब्धता, म्हणजे संच चालवायचा म्हटले तर तो चालण्याच्या स्थितीत आहे काय. दुसरी उत्पादनाचे प्रमाण, म्हणजे वर्षभर पूर्ण क्षमतेने चालला असता तर जितकी वीज मिळाली असती तिच्या तुलनेत प्रत्यक्षात किती मिळाली. तिसरी आज्ञाधारकता, म्हणजे मागणी वाढेल त्या क्षणी उत्पादन वाढवता येते काय. सौर पॅनेलची उपलब्धता उत्तम असते, कारण त्यात फिरणारा भागच नाही, पण रात्री आज्ञा देऊन उपयोग नसतो. कोळशाचे केंद्र रात्री आज्ञा पाळते, पण बॉयलरची नळी फुटली की दोन-चार दिवस बंद राहते आणि थंड संच पुन्हा पूर्ण भारावर आणायला तासन् तास लागतात. त्यामुळे अमुक स्रोत भरवशाचा आणि तमुक बेभरवशाचा ही विभागणी अर्धवट आहे.

दक्षिण सोलापूर तालुक्यात फताटेवाडी-आहेरवाडी परिसरात एनटीपीसीचे केंद्र आहे. त्यात 660 मेगावॅटचे दोन संच असून पहिल्याचे व्यापारी उत्पादन 2017 मध्ये आणि दुसऱ्याचे 2019 मध्ये सुरू झाले. पाणी आणि वाफ यांतला भेदच मिटून जाईल इतक्या उच्च दाबावर चालणारी, कमी कोळशात जास्त वीज देणारी ही सुपरक्रिटिकल पद्धत आहे. एका युनिटसाठी सुमारे साडेसहाशे ग्रॅम कोळसा धरला, तर दोन्ही संच पूर्ण भारावर दिवसभर चालवण्यास वीस हजार टनांच्या आसपास कोळसा लागतो, म्हणजे रोज साधारण पाच मालगाड्या. सोलापूर जिल्ह्यात कोळशाची खाण नाही, तो दूरवरून रेल्वेने येतो. आज्ञाधारक समजल्या जाणाऱ्या या स्रोताचा भरवसा अशा रीतीने रुळांवर आणि दूरच्या खाणीतल्या पावसावर अवलंबून असतो. ऑक्टोबर 2021 मध्ये देशभर केंद्रांजवळचा कोळशाचा साठा तळाला गेला तेव्हा हे दिसले. शिवाय केंद्र सज्ज असले म्हणून ते चालवले जातेच असे नाही. भारप्रेषण केंद्र, म्हणजे कोणत्या क्षणी कोणत्या केंद्राने किती वीज द्यायची हे ठरवणारी यंत्रणा, स्वस्त वीज आधी आणि महाग वीज नंतर या क्रमाने आदेश देते, आणि दूरचा कोळसा जाळणारी केंद्रे या रांगेत मागे पडतात.

पाण्याची गोष्टही तीच. या केंद्राला लागणारे पाणी उजनी धरणातून येते, आणि सोलापूर शहराची तहानही उजनीच भागवते. धरणाची एकूण क्षमता सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट) असली तरी त्यातले 63 टीएमसीहून अधिक पाणी मृत साठ्यात धरले जाते. साठा त्याच्या खाली गेला की उणे टक्केवारी सुरू होते, जशी ती 2024 च्या उन्हाळ्यात उणे पन्नासच्याही खाली गेली होती. धरणाच्या पायथ्याशी 12 मेगावॅटचा एक जलविद्युत संच आहे, जो उलटा फिरवून पाणी परत वर चढवता यावा अशा रचनेचा आहे. आकाराने तो नगण्य आहे, पण साठवणुकीच्या ज्या तंत्राची आज सर्वत्र चर्चा आहे त्याचाच तो लहान नमुना आहे. अहिल्यानगर आणि ठाणे जिल्ह्यांच्या सीमेवरचा घाटघरचा 250 मेगावॅटचा प्रकल्प हा त्याचा मोठा भाऊ.

राज्यात आज्ञाधारकतेचा मान कोयनेकडे जातो. 1960 मेगावॅटची ही केंद्रमालिका काही मिनिटांत भार उचलते किंवा सोडते. परंतु कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वीजनिर्मितीसाठी वळवायच्या पाण्यावर वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली असल्यामुळे ती सतत चालवता येत नाही आणि संध्याकाळच्या गर्दीच्या तासांसाठी राखून वापरावी लागते. या राखीव बळाचे मोल 5 एप्रिल 2020 च्या रात्री सिद्ध झाले. देशभर नऊ मिनिटे दिवे मालवण्यात आले, मागणी सुमारे 31 हजार मेगावॅटने घसरली आणि लगेच पुन्हा चढली, तेव्हा देशभरच्या जलविद्युत केंद्रांनी उत्पादन खाली-वर करून जाळे सावरले.

सावरले म्हणजे काय, तर लय सांभाळली. भारतातील प्रत्यावर्ती वीज सेकंदाला 50 आवर्तने पूर्ण करते आणि जाळ्याला जोडलेले सर्व जनित्रसंच याच लयीत फिरतात. मागणी वाढली आणि उत्पादन तेवढे वाढले नाही की संच किंचित मंदावतात आणि हा आकडा घसरतो. उलट झाले की तो वाढतो. नियमानुसार तो 49.90 ते 50.05 यांच्या दरम्यान ठेवायचा असतो. 30 आणि 31 जुलै 2012 रोजी उत्तरेतील जाळे आणि पाठोपाठ पूर्व व ईशान्येचेही जाळे कोसळले, साठ कोटींहून अधिक लोकांची वस्ती असलेल्या प्रदेशाची वीज गेली, आणि चौकशीत पुढे आले ते अति भाराने निसटलेल्या बीना-ग्वाल्हेर तारेचे नाव. केंद्रे शाबूत होती; ओझे वाहणारी वाट तुटली. पश्चिमेचे जाळे दोन्ही वेळा वाचले.

त्या काळी दक्षिणेचे जाळे देशाच्या इतर जाळ्याशी एका लयीत नव्हते. चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीसारख्या ठिकाणी विजेचे रूप बदलून ती पलीकडे पाठवली जात असे आणि त्यावर क्षमतेची मर्यादा होती. 31 डिसेंबर 2013 रोजी 765 किलोव्होल्टची रायचूर-सोलापूर वाहिनी कार्यान्वित झाली आणि संपूर्ण भारत एका लयीत आला. सोलापूरकरांना हुतात्म्यांचे शहर, चादरींचे शहर, सिद्धरामेश्वरांचे शहर या ओळखी सवयीच्या आहेत, मात्र ही चौथी ओळख शाळेच्या पुस्तकात यावी इतकी मोठी असूनही शहरात फारशी बोलली जात नाही. तमिळनाडूतील वारा पडला तर छत्तीसगडच्या कोळशाने भरपाई करता येते आणि राजस्थानातील दुपारचे ऊन दक्षिणेपर्यंत पोचवता येते, ते अशा जोडण्यांमुळेच. स्रोत एकेकटा बेभरवशाचा असतो. भरवसा मिश्रणात असतो, आणि मिश्रण घडवते ती तार.

सौर ऊर्जेचा विचार या पार्श्वभूमीवर करावा. महाराष्ट्राच्या हवामानात एक मेगावॅटचा सौर प्रकल्प वर्षाला साधारण 15 ते 16 लाख युनिट देतो, म्हणजे त्याच्या कमाल क्षमतेच्या अठरा टक्क्यांच्या आसपास. या आकड्यावरून सौर ऊर्जेला नावे ठेवण्याची पद्धत आहे, पण ती न्यायाची नाही, कारण उन्हाळ्याच्या दुपारी, जेव्हा पंखे, कूलर आणि शेतीपंप एकदम चालतात, तेव्हाच ती भरात असते. 30 मे 2024 रोजी देशाची मागणी 250 गिगावॅटवर गेली तीही दुपारीच. राज्याच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात शेतीच्या वाहिन्या वेगळ्या करून 16 हजार मेगावॅट सौर वीज त्यांना जोडण्याचे उद्दिष्ट आहे. रात्री-अपरात्री मोटर सुरू करायला उसाच्या फडात जाणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज मिळाली तर तो या योजनेचा सर्वांत मोठा लाभ ठरेल. अडचण आहे ती सूर्य मावळल्यानंतरच्या चार-पाच तासांची. दुपारी विजेचा सुकाळ आणि दिवेलागणीला ओढाताण, हे नवे चित्र आहे, आणि म्हणूनच स्मार्ट मीटर बसलेल्या घरगुती ग्राहकांना दिवसाच्या वापरावर दरात सवलत देण्याचे धोरण राज्यात आले.

भारनियमन हा शब्द महाराष्ट्राच्या एका पिढीने 2005 नंतरच्या काळात पाठ केला. दाभोळचा वीजप्रकल्प 2001 मध्ये बंद पडला, मागणी वाढत राहिली, आणि जून 2005 मध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण, महानिर्मिती आणि महापारेषण झाल्या तेव्हा राज्यात हजारो मेगावॅटची तूट होती. वीजगळती आणि बिलवसुली यांच्या प्रमाणावरून वाहिन्यांची गटवारी झाली आणि ज्या गटात वसुली कमी त्या गटाला अंधार जास्त, असा हिशेब ठरला. सोलापूरच्या यंत्रमागधारकांना त्याची झळ विशेष लागली. माग अवेळी थांबला की केवळ तेवढा वेळ जात नाही. पुन्हा सुरू करताना कापडावर आडवी खूण उमटते, टॉवेलचा तो नग दुय्यम मालात जातो आणि नगावर मजुरी घेणाऱ्या कामगाराचा दिवसही बुडतो.

ती तूट आता सरली आहे, तरीही सोलापुरात लाईट जाते. मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या वर असतो, दुपारी डीपी तापते, संध्याकाळी वळिवाचा वारा सुटतो, फांदी तारेवर पडते, आणि सोळा-सतरा किलोमीटरवर 1320 मेगावॅटचे केंद्र सज्ज असतानाही गल्ली अंधारात बसते. उपसा केंद्राची वीज गेली की शहराच्या पाण्याचे वेळापत्रकही कोलमडते. 12 ऑक्टोबर 2020 रोजी मुंबईत तासन् तास वीज गेली तीही कळवा-पडघा परिसरातील वाहिन्या निसटल्यामुळे. वितरणाचा भरवसा मोजण्यासाठी दोन आकडे वापरले जातात: एका ग्राहकाची वीज वर्षात सरासरी किती वेळा गेली आणि एकूण किती वेळ गेली. मोटारखरेदीच्या हिशेबात मेगावॅटपेक्षा हे दोन आकडे जास्त कामाचे आहेत.

आता हिशेब नवी पेठेचा. दिवसाला तीस किलोमीटर चालणारी लहान विजेची मोटार चार ते पाच युनिट खाते. एअर कंडिशनर तीन-चार तास चालवावा इतकेच हे ओझे आहे. टाटा टियागोच्या विद्युत आवृत्तीसारखी 24 युनिटची बॅटरी घरच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर रात्रभरात भरते, आणि रोज ती पूर्ण भरावी लागत नसल्यामुळे दोन-तीन तास वीज गेली तरी बिघडत नाही. बॅटरी ही एका अर्थाने पेट्रोलच्या टाकीचेच काम करते, आणि विजेच्या लपंडावाची भीती दाखवून या गाड्यांना सरसकट बाद ठरवणारे ही गोष्ट विसरतात. परंतु एकाच डीपीवरच्या वीस घरांनी संध्याकाळी सात वाजता गाड्या लावल्या, तर प्रत्येकी 3.3 किलोवॅटप्रमाणे 66 किलोवॅटचा भार एकदम वाढतो, म्हणजे 200 केव्हीएच्या डीपीची एक तृतीयांश क्षमता; 7.2 किलोवॅटचे जलद चार्जर बसवले तर हाच भार 144 किलोवॅट होतो आणि उन्हाळ्यात ती डीपी टिकणार नाही. रात्री अकरानंतर भरायचे ठरवले तर हेच ओझे सुसह्य होते. त्याहून मोठी अडचण साधी आहे. खाली दुकान, वर घर आणि गाडी दूर कोठेतरी रस्त्याकडेला, अशी स्थिती असेल तर तार गाडीपर्यंत न्यायची कशी? बंगल्याच्या वसाहतीत न पडणारा हा प्रश्न पेठेत पहिला पडतो.

अंतरे पाहिली तर सोलापूरचा भूगोल या गाडीला बराच अनुकूल आहे. अक्कलकोट आणि तुळजापूर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर, पंढरपूर सत्तर-पंचाहत्तरवर. देवदर्शन करून घरी परत येण्याइतका पल्ला लहान बॅटरीतही असतो. पुणे मात्र अडीचशे किलोमीटरवर आहे आणि तिथे लहान बॅटरीची गाडी वाटेत थांबल्याशिवाय पोचत नाही. ज्या घरात एकच मोटार आहे, ती लावायला स्वतःची जागा नाही आणि महिन्यातून दोनदा पुण्याला जावे लागते, त्या घराला आज तरी हाताच्या गिअरची पेट्रोल मोटारच योग्य आहे, मग जाहिराती काहीही सांगोत. ज्यांच्याकडे स्वतःचे छप्पर, जमिनीवर जागा आणि शहरापुरते फिरणे आहे, त्यांनी दिवसा घरच्या सौर पॅनेलवर गाडी भरावी. तिच्याइतकी स्वस्त चाल पेट्रोलला जमणार नाही.

विजेची मोटार घेण्याचे ठरलेच, तर शोरूमकडे जाण्यापूर्वी बिलावरचा मंजूर भार पाहावा, तो कमी असल्यास महावितरणकडे वाढवून घ्यावा, जुन्या वाड्यातली वायर आणि अर्थिंग परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यावे, आणि घर ज्या वाहिनीवर आहे तिची वीज गेल्या मे महिन्यात किती वेळा व किती वेळ गेली होती हे उपविभागीय कार्यालयात लेखी विचारावे.